कुठी चालले?

घरातून निघताना कोणी "कुठी चालले?" विचारलं, की मारोतरावांना अपशकुन वाटे. ते परत फिरत, पाणी पिऊन घटकाभर बसत. तेवढ्यात नागपूरहून पारशिवनीची एसटी सुटे आणि पोरीचं स्थळ पाहणं पुन्हा लांबणीवर पडे.

शेवटी हे खूळ मोडायला वच्छलाबाईंनी नवऱ्याला सवयच लावली. ते आंघोळीला उठले, तरी त्या विचारत, "कुठी चालले?" हळूहळू मारोतराव निर्ढावले आणि न थांबता जाऊ लागले.

आज ते पारशिवनीला निघाले. पोरीच्या लग्नाचं काम म्हणून वच्छलाबाईंचाच धीर झाला नाही. त्या गप्प राहिल्या.

मारोतराव स्टँडवरून धापा टाकत परत आले.



"आज तू विचारलं काहून नाही वं? अपशकुन झाला न. पाणी आण."