शेवटचे बारा किलोमीटर

थोरल्या लेकीच्या सायकलचं मागचं चाक दुसऱ्यांदा बसलं, तेव्हा घर अजून बारा किलोमीटर राहिलं होतं.

मिस्त्रीने तिची सायकल उलटी केली, रस्त्याकडेच्या दगडावर बसकण मारली आणि पाना हातात घेतला. उभा जन्म लोकांच्या सायकली दुरुस्त करण्यात गेला आणि घरच्याच सायकलला एका दिवसात दोन पंक्चर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सहलीला निघण्याआधी चारही सायकलींना त्याने स्वतः नव्या ट्यूब घातल्या होत्या.

"किती वेळ लागेल तुम्हाला?" बायकोने घड्याळात पाहिलं. "मला पाचला किल्ली घ्यायची आहे."

"कसली किल्ली?" धाकट्याने विचारलं.

"वाचनालयाची."

ती वाचनालयात नोकरीला होती, त्यामुळे थाप पचली. किल्ली दोन खोल्यांच्या भाड्याच्या घराची होती. येत्या सोमवारपासून ती तिथे राहणार होती, नवऱ्यापासून वेगळी. सहल हसतखेळत पार पाडायची, आज घरी पोचलं की जेवताना मुलांना सांगायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

भांडण म्हणावं तर नव्हतंच. भांडायलाही बोलावं लागतं. 'दुकानात पोपट, घरात दगड,' असं ती म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. गिऱ्हाइकांशी तासन्‌तास गप्पा हाणणारा हा गडी घरी आला की वर्तमानपत्रामागे गडप व्हायचा. हातात पाना नसला की त्याला शब्दच सुचत नसत. तिने जाऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. ते सांगायला तंबूत चार रात्री मिळाल्या आणि चारही रात्री तो कुशीवर वळून झोपला.

आता मात्र हातात पाना होता.

"आमच्याकडे एक मास्तर यायचे," टायर उचकटता उचकटता तो म्हणाला. "रोज एकच तक्रार, सायकल जड चालते. मी तेल घातलं, चेन बदलली, काही फरक नाही. महिन्याने कळलं, कॅरियरवरच्या पिशवीत दोन विटा. वाऱ्याने सायकल पडू नये म्हणून पहिल्या दिवशी ठेवलेल्या, त्या काढायच्याच राहिल्या."

धाकटा खिदळला. बायकोही हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग बाहीने डोळे पुसून तिने पुन्हा घड्याळ पाहिलं.

मिस्त्रीने हवा भरलेली ट्यूब पातेल्यातल्या पाण्यात बुडवून गोल फिरवली. एकही बुडबुडा नाही. सकाळच्या पंक्चरलाही हेच झालं होतं.

म्हणजे हवा कुणीतरी काढत होतं. त्याने मान वर केली. थोरली सायकलींपाशी उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती. सकाळपासून जिथे जिथे थांबले तिथे ती अशीच सायकलींपाशी घुटमळत होती. मघाशी झाडाखाली बसले तेव्हासुद्धा आई तंबूची दोरी आवळायला उठली, तर ही तिच्यामागोमाग बाटली आणायला गेली.

पोरीला सगळं कळलं होतं. घर येऊ नये म्हणून ती धडपडत होती. त्याने धडधाकट ट्यूबवर ठिगळ चिकटवलं आणि चाक बसवलं.

घर चार किलोमीटरवर असताना ते पाणी प्यायला थांबले. निघताना धाकट्याचं पुढचं चाक हवा जाऊन बसलेलं. साडेचार वाजून गेले होते.

"आता काही पाच गाठत नाही आपण," बायको म्हणाली. तिने हेल्मेट काढलं आणि त्याच्या शेजारी गवतातच फतकल मारली. "आणखी एखादे मास्तर आहेत का?"

होते की. एक सोडून तीन मास्तर निघाले, एक डॉक्टर निघाला. तो बोलत राहिला, ती हसत राहिली. ठिगळ वाळायची वाट बघताना तो गप्प झाला तेव्हा ती धाकट्याला घेऊन पलीकडच्या नळावर हात धुवायला गेली.

एवढी संधी पुरे होती. त्याने थोरलीला जवळ बोलावलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

ती चपापली, पण खोटं बोलली नाही. "निघायच्या आधीपासून. तुम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजता ना, तेच जास्त ऐकू येतं."

"मग ऐक, बाळा. हवा काढली की चाक थांबतं, माणूस थांबत नाही. आईला थांबवायचं काम माझं होतं. मला ते जमलं नाही, त्यात तुझी काही चूक नाही. आता हे बस कर."

थोरलीने नळाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हवा मी नाही काढली, बाबा. तुम्ही येताय का, तेवढं बघत उभं राहायला सांगितलंय मला आईने."