ऑल गुड, सर!

"हाऊ यू डुइंग?" ललितभाऊनं विचारलं.

"ऑल गुड, सर!" बावीस बायका एका दमात ओरडल्या. सावद्याच्या त्या केळीच्या पॅकहाउसच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, ती तापी ओलांडूनच खाली बसली. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

तेविसावी गप्प होती. ताईबाई. ती टाकीतल्या तुरटीच्या पाण्यात हात घालून केळीच्या फण्या धूत होती.

"अक्का, तुमचं तोंड शिवलंय का?" ललितभाऊ सुपरवायझर होता. केळी विकत घेणारा परदेशी साहेब अकराला येणार, म्हणून सकाळपासून तो सगळ्यांकडून हे उत्तर वदवून घेत होता.

"तो साहेब काय इचारनार, ते मराठीत सांग मले."

"कशी आहेस, असं विचारणार."

"मंग मी नाही बरी." ताईबाईनं हात वर काढले. चिकानं काळे पडलेले, तुरटीनं फाटलेले. सालं अशी निघालेली, की मिठाची बरणी नुसती दिसली तरी झोंबायचं.

"अहो, त्याला उत्तर नको असतं! त्यांच्यात ते नुसतं म्हणायचं असतं."

स्टिकर लावणारी दिपमाला बारावी झालेली. मोबाइलवर व्हिडिओ बघून इंग्रजी शिकायची. ती म्हणाली, "खरंय अक्का. आपण नाही का वाटेत कोणी दिसलं की म्हणत, काय, बरं ना?"

"मी इचारलं का थांबते वं पोरी. समोरची सांगते, रडते, नाक पुसते, मंगच हालते मी. उत्तर नको तं इचारू राह्यला कायले?"

ललितभाऊनं कपाटाचं कुलूप काढलं. निळे रबरी हातमोजे वाटले. वर्षातून दोनदा निघायचे ते, पाहुणे आले की. "नीट घाला. साहेब गेला की सगळे परत या पोत्यात."

"आनि उद्या?"

"उद्याचं उद्या. हे मोजे फोटोचे आहेत."

ताईबाईची कानशिलं तापली. ती दिपमालाकडे सरकली. "बरी नाही, याले त्याहिच्यात काय म्हनता?"

"नॉट गुड."

"दोनच शब्द?"

"दोनच."

ताईबाई फण्या धूत ते दोन शब्द घोकत राहिली. टाकीतल्या केळ्यांनाही पाठ झाले असतील.

साहेब आला. एवढा उंच, की दारात वाकला. बायकांच्या रांगेपुढून निघाला.

"हाऊ यू डुइंग?"

"ऑल गुड, सर!"

"ऑसम!"

पुढची. पुन्हा तेच. ऑसम. मग ताईबाई.

"हाऊ यू डुइंग?"

"नॉट गुड," ताईबाई म्हणाली. मोठ्यानं, त्याच्या डोळ्यांत बघून. ललितभाऊची मान जागेवरच अडकली.

साहेबानं अंगठा वर केला. "ऑसम!" आणि तो शेजारच्या भिकुबाईकडे वळला.

ताईबाई बघतच राहिली. तो रागावेल, ललितभाऊला बोलावेल, काय झालं म्हणेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं यातलं काहीच केलं नाही. तिचा राग असा चढला, की टाकीतलं पाणी कोमट झालं. भिकुबाई आजही हे शपथेवर सांगते.

"बहिरा आहे का वं तो?"

"बहिरा नाही, अक्का," दिपमाला हळू बोलली. "त्या प्रश्नाला उत्तर नेहमी 'ऑल गुड'च येतं. त्यानं तेच ऐकलं."

ताईबाईनं एक अख्खी फणी धुऊन होईस्तोवर विचार केला.

"म्हंजे 'ऑल गुड' म्हटलं का पुढं कोनी काही इचारत नाही?"

"नाही. तिथंच संपलं."

"असं?"

ती भिकुबाईच्या कानाशी लागली. भिकुबाई पुढचीच्या.

साहेब बाहेर निंबाखाली शहाळं पीत उभा राहिला, तसा ललितभाऊ पोतं घेऊन आला. "चला, मोजे काढा."

ताईबाईनं मोजे मनगटापर्यंत वर ओढले. "ऑल गुड, सर!"

"अक्का, थट्टा नको. मोजे."

"ऑल गुड, सर!" ही भिकुबाई.

ललितभाऊला ओरडायचं होतं, पण साहेब दहा पावलांवर. तो दात आवळून म्हणाला, "उद्यापासून घरी बसायचंय का सगळ्यांना?"

"ऑल गुड, सर!" तेवीस जणी गरजल्या. नुकती कुठं परत आलेली कबुतरं पुन्हा उडाली.

निंबाखालच्या साहेबानं शहाळ्यातली नळी तोंडातून काढली, वळून बघितलं आणि अंगठा वर केला. "ऑसम!"

ललितभाऊनं रिकाम्या पोत्याकडे बघितलं. साहेबाकडे बघितलं. मग दात तसेच आवळून हसला आणि त्यानंही अंगठा वर केला.

संध्याकाळच्या एस्टीत वरच्या दांडीला निळेच निळे हात लटकले होते. कंडक्टर तिकिटं फाडत ताईबाईपाशी आला.

"काय वं अक्का, हाताले काय झालं?"

ताईबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो पुढं सरकेल म्हणून ती वाट बघत होती. मागून कोणीतरी तिकीट मागितलं. कंडक्टर हलला नाही.

ताईबाईनं उजव्या हाताचा मोजा काढला.