आधी आईने घालायचा

खोलगट चेहऱ्यामुळे शाळेत तिचं नाव ‘बशी’ पडलं होतं. ते ठेवणारी वर्गमैत्रीण आज दवाखान्यात लेकीला घेऊन आली होती. लेकीचा वरचा जबडा तस्साच मागे राहिलेला. आता दातांची डॉक्टर झालेल्या बशीला तिने ओळखलंच नाही. पडद्यावर मुलीच्या कवटीचं मॉडेल फिरत होतं. कपाळ-हनुवटीवर बसणाऱ्या मुखपट्ट्याच्या रबरांनी जबडा कुठल्या कोनात पुढे ओढायचा, हे गणित बशीच्या हातात होतं. कोन चुकवला, तर दात जन्मभर जुळणार नव्हते. पण पोरीने काय घोडं मारलं होतं? बशीने अचूक आकडा भरला. “मुखपट्टा आधी आईने घालायचा, म्हणजे मूल घाबरत नाही.” ही दवाखान्याची रीत. “आणि आठ दिवस तुम्ही तो घालूनच लेकीला शाळेत सोडायचं.” ही बशीच्या मनची. आरशात पाहताच आई कळवळली, “अहो, लोक हसतील मला!” रबर ताणून अडकवत बशी म्हणाली, “आठच दिवस. मी दहावीपर्यंत सोसलं.”