लाल पट्टा

नाटक बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्याचं होतं. शेवटी एक कुटुंब येई, जातिवंत कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधून त्याला घरी नेई आणि गावठी कुत्रं बघत राही. गावठी कुत्र्याचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाची हयात रंगमंचावर गेली होती. जातिवंताचं काम मात्र दिग्दर्शकाच्या भाच्याला मिळालेलं. त्याला धड भुंकताही येईना! पट्टा पाहिला की म्हाताऱ्याचा रोज जळफळाट होई. आज त्याने भाच्याला ढुशी मारून बाजूला सारलं आणि स्वतःचीच मान पुढे केली. कुटुंबातल्या बापाने गडबडून म्हाताऱ्याला पायाने ढकललं आणि पट्टा भाच्यालाच बांधला. अख्खं नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. पडदा पडताच दिग्दर्शक धावत आला. "काका, कमाल केलीत! रोज असंच करायचं." "म्हणजे पट्टा मला?" "छे हो!" दिग्दर्शक बापाकडे वळला. "तू लाथ जरा जोरात घाल."