निरोच्या घरातले शब्द

थोरली मियुकी लग्न होऊन सासरी गेली, त्याच साली धाकटा रियोहेई निरो झाला. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा एकदा हुकली की मुलगा इचिरो, दुसऱ्यांदा हुकली की निरो. सगळे मिळून रोनिन, जुन्या काळच्या बिनधन्याच्या सामुरायांसारखे. यंदा तिसरी खेप. "आता शेवटची," असं बापाने बजावलं होतं.

परीक्षार्थीच्या घरी 'पडणं' आणि 'घसरणं' हे शब्द काढत नाहीत. जपानीत त्यांचाच अर्थ नापास होणं. रियोहेईची आई शिझुए, तिचे सासरे इवाओ त्याबाबत फार कडक. भिंतीवरचं कॅलेंडर निसटलं तरी ते 'खाली आलं' म्हणायचं. दोन वर्षं असं जपून बोलून शिझुएची जीभ थकली होती.

परीक्षेच्या सकाळी ती डबा भरत होती. नातवाला वाट मोकळी हवी म्हणून इवाओ पहाटेपासून दारातला बर्फ ओढत होते. फावड्याचा आवाज थांबला, तशी ती बाहेर आली. म्हातारा पायरीखाली भिंतीला टेकून होता. एक पाय भलतीकडेच वळलेला.

"अगंबाई! बाबा, पड..."

"गप!" इवाओ दात आवळून म्हणाले. "बसलोय मी. ती गोणी टाक पायावर."

तिने गोणी टाकली. मागून रियोहेई बूट चढवत आला.

"आजोबा, बर्फात काय बसलात?"

"दमलो रे. तुझ्यासारखं गादीवर बसून काम नाही आमचं."

"आत तरी चला. हात देऊ?"

"हात पेन्सिलीला ठेव. पळ, गाडी चुकेल."

रियोहेई हसला. त्या महिन्यात पहिल्यांदाच. कोपऱ्यावर वळून त्याने मागे पाहिलं. इवाओंनी फावडं उंच करून हलवलं. तो दिसेनासा झाल्यावर ते हातातून सुटलं.

"आता बोलाव कुणाला तरी," ते म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी क्ष-किरणाचं चित्र उजेडासमोर धरलं. खुबा मोडला होता.

"कसे पडले?"

शिझुएने घड्याळाकडे पाहिलं. पेपर अजून सुटला नव्हता.

"पडले नाहीत," ती म्हणाली. "बसले होते."

त्या दुखण्यातून इवाओ उठलेच नाहीत; मार्चच्या आठ तारखेला, निकालाच्या आदल्या दिवशी, वारले.