अक्षय्य तृतीयेचा घट

लूझने हात पुढे केले नाहीत. सुलेखा दारात घट धरून उभी होती. मातीचा गार घट, आत वाळ्याचं पाणी, वर एक आंबा. दर वर्षी या दिवशी लूझ शेजारच्या घरातून हसत यायची, दोन्ही हातांनी घट घ्यायची आणि वाळ्याच्या वासाने डोळे मिटायची. आज ती नुसतीच उभी होती, हात स्वेटरच्या खिशात घालून.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलला एप्रिल संपत आला तरी सकाळचा गारठा जात नाही. थंड पाणी दान करावं असं ऊन तिथे नसतंच, पण रीत ती रीत. हा घट सुलेखा गेलेल्या आईच्या नावाने द्यायची. लूझ आईच्याच वयाची, रिटायर्ड नर्स, फिलिपिन्समधल्या एका लहानशा बेटावरची. शाळेतून आली की सुलेखाची मुलगी केया तिच्याकडेच असायची. सुलेखा लूझला 'आते' म्हणायची. तिकडे थोरल्या बहिणीला आते म्हणतात, हे कळल्यावर तिला परदेशात सख्खी आत्या सापडल्यासारखं झालं होतं.

लूझकडे गावाच्या गोष्टी फार. वडासारख्या एका जुन्या झाडाखाली झरा होता. झाडातल्या अदृश्य मंडळींची परवानगी मागायची, मगच पाण्यात पाय घालायचा. निवडणुकीत कुणी तांदळाची पिशवी घेऊन दाराशी आला, की लूझची आई हात पुढे करायच्या आधी म्हणायची, "नाव सांग." कुणाला मत द्यायचं ते आधी कळलेलं बरं! सुलेखा पोट धरून हसली होती. "आमच्याकडे साड्या वाटतात. आणि कुकर! आवळा देऊन कोहळा काढायचा."

तो झरा सुलेखाला स्वप्नात दिसायचा. आज पहाटेही दिसला. आई आणि लूझ शेजारी शेजारी बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून. सुलेखाने हाक मारली, तर दोघी पाण्याकडेच बघत राहिल्या. जाग आली तेव्हा तिचे तळवे गार पडले होते.

खरा झरा आता भिंतीच्या आत होता, आणि भिंत सुलेखाच्या कंपनीची होती. कंपनी ते पाणी बाटल्यांत भरून विकायची. लूझची धाकटी बहीण नेना, गावातली शाळामास्तरीण, या वेळी मेयरच्या निवडणुकीला उभी होती. तिचं म्हणणं एकच, झरा मोकळा करा. "जिंकेल ती," लूझ म्हणायची. "तहानलेलं गाव तिच्या मागे आहे." सुलेखाने अगदी मनापासून ऑल द बेस्ट म्हटलं होतं.

ती स्वतः कंपनीच्या सीएसआरमध्ये होती. समाजाकडून घेतलेलं थोडं समाजाला परत करायचं, असं ते खातं. झरा मोकळा करणं तिच्या हातात नव्हतं, पण भर उन्हाळ्यात घरोघर पाण्याचे भरलेले ड्रम देणं होतं. तिने लूझचंच गाव सुचवलं. पंचांग काढून दिवसही सुचवला. अक्षय्य तृतीयेला दिलेलं पाणी कधी सरत नाही, असं आई म्हणायची. ऑफिसात एकेका तारखेचं गुऱ्हाळ महिना महिना चालतं. ही मात्र बॉसने, विक्रमने, तिथल्या तिथे उचलली. "परफेक्ट टाइमिंग, सुलेखा!" इथेच जन्मलेल्या मुलाला अक्षय्य तृतीया ठाऊक आहे, याचं तिला केवढं कौतुक वाटलं होतं. लूझला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सरप्राइज द्यायचं होतं.

"आते, काय झालं? बरं नाही का?"

लूझने फोन पुढे केला. तिकडचा दिवस इथल्या आधीच उजाडून गेला होता. निळ्या ड्रमांची लांबच लांब रांग, ओले हात, हसणाऱ्या बायका. सुलेखाला आधी आनंदच झाला. मग तिला दिसलं, की प्रत्येक ड्रमपाशी तोच माणूस उभा आहे. गावचा मेयर. त्याच्या आजोबांपासून ती खुर्ची घरातच होती, आणि कंपनीने झऱ्याची जमीन घेतली ती त्याच्या भावाची. ड्रमवर कंपनीचं नाव, टी-शर्टवर त्याचं, दोन्ही एकाच निळ्या रंगात. मागे मतदानाच्या तारखेचा फलक. दोन आठवडेही उरले नव्हते. माइक हातात घेऊन तो अमेरिकेतल्या मॅडम सुलेखांचे आभार मानत होता.

पंचांगात तिने तिथी पाहिली होती, नक्षत्र पाहिलं होतं, राहुकाळसुद्धा टाळला होता. निवडणूक केव्हा आहे, एवढंच पाहायचं सुचलं नव्हतं. विक्रमने मात्र तेवढंच पाहिलं होतं.

"नेना फोनवर रडत होती," लूझ म्हणाली. "म्हणाली, पाणी दाराशी आलं, आता झऱ्यासाठी कोण मत देईल?"

"आते, आय स्वेअर, मला खरंच..." ड्रम परत घ्या म्हणावं, तर गाव खरोखरच तहानलेलं होतं. हातातला घट एकाएकी जड झाला. तरी सुलेखाने तो पुन्हा पुढे केला. "हा कंपनीचा नाही गं. हा माझ्या आईचा आहे. प्लीज."

वाळ्याचा वास दोघींच्या मध्ये दरवळत होता. लूझ बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली, स्वप्नात बघत होती तशीच. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिचे हात हळूच खिशातून निघाले, घटाजवळ आले आणि तिथेच थांबले.

"घेते," ती म्हणाली. "आधी नाव सांग."