आत जाणारी गाडी

"जाईल ना ही जंगलात? एवढंच सांगा. जाईल ना?"

तो माणूस हे चौथ्यांदा विचारत होता. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, डोळे लाल, आणि पाय एका जागी ठरत नव्हते.

गाडी अगदी साधी होती. ऑफिसला जायची, भाजी आणायची, स्पीडब्रेकरवर पोट घासून कण्हायची. तिला जंगलातल्या वाटेवर घालायचं म्हणजे बाथरूमच्या चपलांनी डोंगर चढायचा.

गॅरेजवाला गाडीखालून बाहेर सरकला. त्याला सगळे पाना म्हणायचे. खरं नाव बहुतेक त्यालाच आठवत नसेल.

"जीप बघा ना कुणाची तरी."

"देत नाही हो कुणी! फॉरेस्ट गार्ड म्हणतो उद्या बघू. उद्या? माझी बहीण आहे आत! काल घरातून गेली ती गेलीच. सकाळी फोनचं लोकेशन दिसलं, नाल्याच्या पलीकडे. मग तेही बंद." त्याचा आवाज फाटला. "पाया पडतो तुमच्या. उजेड आहे तोवर मला आत शिरायचंय."

त्याने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. पानाने हात पुसले आणि फोटो बराच वेळ पाहिला.

"जंगलाचा रस्ता इथूनच जातो. दिसली का तुम्हाला?"

"सकाळी लाकडाचा रिकामा ट्रक गेला आत. पंक्चर काढायला थांबला होता. बाकी कुणी नाही."

"त्यातच बसली असणार! अक्कल कशी ती नाहीच. एकटीला काही जमत नाही तिला. पडते सारखी. मागच्या महिन्यात हात मोडून घेतला."

पानाने गाडी लिफ्टवर चढवली.

इतर वेळी जंगलात गाडी नेणाऱ्याला पाना आधी एकच प्रश्न विचारायचा, अडकलात तर बाहेर कसे येणार? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तो पान्याला हात लावायचा नाही. आज विचारलं नाही. घाईच तेवढी होती.

त्याने स्प्रिंगवर रबरी ठोकळे बसवून गाडी उचलून घेतली. बंपरची लोंबणारी कड कापून टाकली. इंजिनाखाली जाड पत्रा ठोकला, म्हणजे दगडाने तेलाची टाकी फुटायला नको. नाल्याचं पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून हवा घेणारा पाइप वर ओढून बांधला. वरच्या मजल्यावर शिलाई मशीन चाललं होतं. अडखळत. चार टाके, थांबा. चार टाके, थांबा.

"वर काय चाललंय?" माणूस खेकसला.

"बायको. सीटची कव्हरं शिवते."

"डोकं उठलंय."

"माझं तर रोजच उठतं," पाना म्हणाला.

माणूस हसला नाही. नखं खात फेऱ्या मारत राहिला. मध्येच गाडीच्या मागच्या दारापाशी थांबला.

"ही दोन्ही दारं आतून उघडता कामा नयेत. तेवढं करून टाका."

"का?"

"खड्ड्यात उघडतात."

पानाने दोन्ही दारांचा चाइल्ड लॉक खाली केला. डिकी उघडली तर आत नायलॉनच्या बारीक दोरीची नवीकोरी गुंडाळी होती.

"ही गाडी ओढायला? एका झटक्यात तुटेल."

"असू दे. लागेल."

पानाने दोरीकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे.

"मागचं वजन कमी करतो," तो म्हणाला. "स्टेपनी, जॅक, ओढायचा हूक, सगळं काढतो. गाडी हलकी झाली की चढ झपाट्याने घेईल."

"काढा, काढा! जे करायचं ते करा, पण लवकर करा!"

रस्त्यावरून पानाची बायको चहाची किटली घेऊन आत आली. तिने माणसाला कप दिला. "घ्या भाऊ. पोटात काही नसेल तुमच्या."

"उतरत नाही घशाखाली, वहिनी. ती सापडली पाहिजे. तिच्याशिवाय मी घरी जाणार नाही."

वर मशीन चार टाके चाललं. पानाने पटकन कॉम्प्रेसर लावला. सगळं गॅरेज दणाणलं.

"टायरमधली हवा बेताची करतो," तो ओरडला. "चिखलात पकड येते!"

"करा! पण जाईल ना?"

"जाईल! नाल्यापलीकडे पार आतपर्यंत जाईल. थांबू नका कुठे. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे बघत पण बसू नका."

माणसाने चहा तसाच ठेवला, पानाचे दोन्ही हात धरून डोळ्यांत पाणी आणलं आणि गाडीत बसला. उंच झालेली गाडी धुरळा उडवत जंगलाच्या वळणावर दिसेनाशी झाली.

पानाने कॉम्प्रेसर बंद केला. बायको दारातच उभी होती.

"आत जाईल?"

"मस्त जाईल. ट्रकात टाकलेल्या त्या फोनमागे, पार आतपर्यंत."

"आणि बाहेर?"

"ते त्याने विचारलंच नाही." पानाने स्टेपनी पायाने टेबलाखाली सारली. "संध्याकाळची बस आहे ना अजून?"

तिने मान हलवली. पाना जिन्याशी गेला आणि हातातला पाना कठड्यावर दोनदा वाजवला. वरचं मशीन थांबलं. जिन्याच्या तोंडाशी आधी प्लास्टरमधला हात दिसला, मग फोटोतला चेहरा.

"गेला दादा?"